किल्लीवाल्याचं निवेदन

१० जून

दादा,

तुझी अट अजून तीच आहे का, एवढंच विचारायला लिहिते आहे.

जाताना तू दारात बसून बुटाची नाडी बांधत म्हणाला होतास, "ज्या दिवशी हा माणूस चार लोकांत उभा राहून आपण कुठले ते सांगेल, त्या दिवशी मी या घरात पाऊल टाकीन. त्याआधी नाही." आईने ऐकलं. बाबा कानस पुसत होते, त्यांनीही ऐकलं. मी शाळेचा गणवेश घालून उभी होते. त्यानंतर या विषयावर घरात कुणी एक शब्द काढलेला नाही. तुझं ताट मात्र आई अजून घासून ठेवते.

तुझा नंबर लागत नाही. पत्ता तुझ्या त्या सायकलवाल्या मित्राने दिला. "माझं नाव सांगू नकोस" म्हणाला, तेव्हा सांगितलं नाही असं समज.

मी पदवीधर झाले. आपल्या घरातली पहिली. निकाल लागला तेव्हा मला आनंद झाला असावा, कारण आई नंतर बरेच दिवस सांगत होती की मी हसले होते. आता मी नगरपालिकेत आहे. "समता कक्ष" नावाचं नवीन खातं निघालंय. खातं म्हणजे मी, एक टेबल आणि पूर्वी झाडू-बादल्या ठेवायचे ती खोली. फिनेलचा वास अजून गेलेला नाही. हेडक्लार्क साहेब रोज दारातून डोकावून विचारतात, "काय मॅडम, आज किती समता झाली?" माणूस वाईट नाही. त्यांना दुसरा विनोद येत नाही.

पुढचं तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण मला ते कधी मोठ्याने बोलता आलेलं नाही. बाबा नदीकाठच्या वस्तीतले. तिथे जन्मले, तिथेच वाढले, आणि मिसरूड फुटायच्या आत तिथून निघून वर शहरात आले. बोलणं बदललं, चालणं बदललं, बाजाराच्या दाराशी किल्ल्या करायला बसले. वस्तीतला माणूस दिसला की शहरातल्या लोकांचा हात आपोआप खिशाकडे जातो. अशा माणसाच्या हातात कोण आपल्या घराची किल्ली देणार? म्हणून बाबांनी कधी सांगितलं नाही. आणि म्हणून त्या दिवशी आजी वस्तीतून चालत बाजारात आली, टपरीसमोर उभी राहिली, तेव्हा बाबा गिऱ्हाइकादेखत तिला म्हणाले, "काय हवंय, बाई?"

आजीने इकडेतिकडे बघितलं. म्हणाली, "काही नाही. वाट चुकले."

तू तिथे होतास. मी नव्हते, पण मला ते पाठ आहे.

आता कामाचं. जुना बाजार पाडून नवी इमारत बांधली आहे. जागा कमी, दुकानदार जास्त, तेव्हा गाळे चिठ्ठ्या टाकून वाटणार. बाबांचं नाव त्या ढिगात आहे. नाही निघालं तर बाबा रस्त्यावर. पण काही गाळे राखीव ठेवलेत: एकट्या बायकांसाठी, अपंगांसाठी आणि वस्तीतल्या माणसांसाठी. वस्तीसाठीचे गाळे मी भांडून घेतले. वस्तीतल्या लोकांकडे कागद नसतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी नियमच असा लिहिला की कागद नको. माणसाने खुल्या सभेत उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं की मी तिथला, आणि वस्तीतल्या एका माणसाने म्हणायचं, हो, आमचाच आहे. अध्यक्षबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याला "स्वाभिमान निवेदन" असं नाव दिलं.

एका दगडात दोन पक्षी, असं मला वाटतंय. बाबांचा गाळा आणि तू. बाबांना अजून बोलले नाही.

अट तीच असेल तर कळव. बदलली असेल तरी कळव.

तुझी,
टिटवी

२९ जून

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. म्हणजे अट तीच आहे असं मी धरून चालते.

बाबांना सांगितलं. जेवण झाल्यावर, आई भांडी आवरत होती तेव्हा. मी समिती, ठराव, राखीव, हे सगळे शब्द वापरले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिठ्ठीत माझं नाव निघणारच नाही असं आहे का?"

"निघेल किंवा नाही निघणार."

"मग बघू की."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तू आहेस ना. कमावती."

"बाबा, माझी नोकरी कंत्राटी आहे. वर्षभराची."

"म्हणजे तुलाही चिठ्ठीनेच ठेवलंय," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

आई आतून म्हणाली, "शिकवली कशाला, तर आम्हालाच शहाणं करायला. इतकी वर्षं झाकून ठेवलं ते काय हौस म्हणून?" मग भांड्यांचा आवाज वाढला. आईला जे बोलायचं असतं ते ती पातेल्यांकडून वदवून घेते, तुला आठवत असेल.

मी म्हटलं की आता काळ बदललाय. खरंच म्हटलं. ऑफिसात भिंतीवर मोठ्या अक्षरांत "आपलं शहर, सर्वांचं शहर" असं रंगवलंय, ते मीच सुचवलं होतं, आणि ते रोज बघून बघून माझा त्यावर विश्वास बसला होता. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही इतक्या वर्षांत कुणाची एक वस्तू इकडची तिकडे केली नाहीत. लोक तुम्हाला ओळखतात. तुम्ही कुठले याने त्यांना काय फरक पडणार?"

बाबा म्हणाले, "तू बाजारात बसलेली नाहीस."

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी तुझं नाव काढलं. म्हटलं, "दादा येईल."

बाबा उठून मोरीवर गेले. चूळ भरली. बराच वेळ नळ चालू होता. परत येऊन म्हणाले, "त्याने तसं कळवलंय?"

मी हो म्हटलं.

तू कळवलं नाहीस, पण नाही म्हणूनही कळवलं नाहीस. आणि अट तर तुझीच होती. त्यामुळे मी खोटं बोलले असं मला वाटत नाही. आज तरी वाटत नाही.

बाबांनी सदरा इस्त्रीला टाकला आहे.

टिटवी

१८ जुलै

दादा,

बाबा बोलले.

सविस्तर लिहिते, म्हणजे तुला शंका राहायला नको. सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत बाजारातले दुकानदार, मागे वस्तीतली माणसं. कुणी तसं बसवलं नव्हतं, आपापले बसले. मी माईकजवळ उभी होते. नावं मीच पुकारत होते.

आधी एक बटणं, दोरे आणि झिपा विकणारी बाई आली. वस्तीतच राहते, ती काही लपवत नव्हती, तिचं पटकन झालं. मग मी बाबांचं नाव घेतलं. पुढच्या रांगेत जरा कुजबुज झाली. औषधवाला शेजाऱ्याला म्हणाला, "हे चुकून या यादीत आलं असणार." तो चांगल्या भावनेने म्हणाला.

बाबा माईकपाशी आले. माईक त्यांच्यापेक्षा उंच होता, तो मी खाली केला. बाबा म्हणाले, "मी किल्ल्या करतो, ते तुम्हाला माहीतच आहे. मी नदीकाठच्या वस्तीतला. माझा जन्म तिथला." मग थांबले. मला वाटलं झालं. पण ते मागे वळले आणि शेवटच्या रांगेकडे हात करून म्हणाले, "ती तिथे बसली आहे, हिरव्या पातळातली, ती माझी आई."

दादा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नियमात तेवढं लागत नव्हतं.

अध्यक्षबाईंनी आजीला विचारलं, "आजी, तुम्ही यांना ओळखता?"

आजी उठली. बाबांकडे खालून वर बघितलं. म्हणाली, "चेहरा ओळखीचा वाटतोय."

मागच्या रांगा खदखदून हसल्या. पुढच्या रांगेत कुणी हसलं नाही. आजी म्हणाली, "लहानपणी माझ्याकडेच जेवायला असायचा. मग मोठा माणूस झाला." आणि बाबांना म्हणाली, "बस आता खाली. लोक बघताहेत."

अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या की नाही ते आठवत नाही, हातात कागद होते. एवढं मात्र आठवतं की औषधवाल्याने खिशावर हात ठेवला होता. रुमाल शोधत असेल.

घरी येताना बाबांनी विचारलं, "कळवशील ना त्याला?"

हे कळवलं. आता तुझी पाळी.

टिटवी

ता.क. येताना कळवलंस तर आई गादीला ऊन दाखवील.

१४ ऑगस्ट

दादा,

गाळा मिळाला. दाराजवळचा, उजेडाचा. बाबांचं मशीन, कोऱ्या किल्ल्यांचा फळा, स्टूल, सगळं नीट मावलं. वर छप्पर आहे, मागे नळ आहे. जुन्या टपरीत पाठ टेकायलाही जागा नव्हती.

प्रत्येक राखीव गाळ्यावर निळी पाटी लावली आहे. रंग मी निवडला. मजकूरही माझा: "हा गाळा नदीकाठच्या वस्तीतील नागरिकासाठी सन्मानपूर्वक राखीव आहे." हेडक्लार्क साहेबांनी अक्षरं बारीक ठेवा म्हणून सुचवलं होतं. मी म्हटलं, लपवण्यासारखं काय आहे, मोठीच हवीत. ठरावात "मोठ्या, सुवाच्य अक्षरांत" असं माझ्या आग्रहाने घातलं. ती अक्षरं बसथांब्यावरून वाचता येतात. मी तिथे उभी राहून बघितलं आहे.

धंदा सुरळीत आहे.

बाबा हल्ली दुपारी घरी जेवायला येतात. पूर्वी डबा न्यायचे, आता गरम गरम जेवतात, जेवून थोडे पडतात. तब्येतीला बरंच आहे ते. मशीनला तेलपाणी करतात. फळ्यावरच्या किल्ल्या मापाप्रमाणे लावल्या, मग आकाराप्रमाणे लावल्या. आई म्हणाली, "आता रंगाप्रमाणे लावा." बाबा म्हणाले, "सगळ्या एकाच रंगाच्या आहेत." 

बटणवालीचा गाळा शेजारीच आहे. तिचं छान चाललंय, बटणाला काय, कुणीही विकावं. तिने पाटीवर धुतलेलं फडकं वाळत घातलं होतं. मी तिला म्हटलं, अहो, पाटी झाकली जाते. ती म्हणाली, "ताई, पाटी झकास आहे. एका बाजूने ऊनही लागतं."

तू येणार असशील तर सकाळच्या गाडीने ये. बाबा विचारतात, पत्र आलं का. मी सांगते, पोस्टाचा घोळ आहे.

टिटवी

१० सप्टेंबर

दादा,

मागच्या पत्रात धंदा सुरळीत आहे असं लिहिलं होतं. तसं नाही.

कुणी काही बोललं नाही, हे आधी लिहिते. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. लोक बाबांना पूर्वीपेक्षा जास्त नमस्कार करतात. औषधवाला तर मुद्दाम थांबून हात मिळवतो. फक्त किल्ल्या करायला कुणी येत नाही. आणि हार्डवेअरच्या दुकानातली कुलपं संपली. मी बादली आणायला गेले होते तेव्हा कळलं. दुकानदार खूश होता. मला म्हणाला, "काय झालंय कळत नाही, सगळं शहर कुलपं बदलायला निघालंय." मग मी कुणाची मुलगी ते त्याच्या लक्षात आलं आणि तो बादल्यांचे भाव सांगू लागला.

आपल्या शहरात असं घर नसेल, ज्याची एखादी किल्ली बाबांनी केलेली नाही. लोकांना तेवढं आठवलं. बाकी काही नाही.

ऑफिसात सगळे चांगलेच वागतात. हेडक्लार्क साहेबांनी समतेचा विनोद करायचं सोडलं. आता ते माझ्याशी जपून, नीट बोलतात, पाहुण्यांशी बोलावं तसं. जेवायला जाताना ड्रॉवरला कुलूप लावतात. पूर्वी लावत नसत. कुलूप जुनंच आहे, त्याची किल्ली बाबांनी केलेली आहे. नवीन आणायचं बहुतेक त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मी पाटी काढायचं बघितलं. हेडक्लार्क म्हणाले, ठरावाने लागली आहे, ठरावानेच निघेल. मग अध्यक्षबाईंकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "अगं, पाटी काढली तर आपल्याला त्यांची लाज वाटते असा अर्थ होईल. तुला चालेल का?" हेच मी त्यांना जूनमध्ये समजावलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्या पुढे म्हणाल्या, "आणि पुरस्काराची माणसं येताहेत पुढच्या आठवड्यात. थोडी कळ काढ."

ती माणसं येऊन गेली. सर्वसमावेशक शहरांसाठी पुरस्कार असतो, लहान शहरांच्या गटात आपला पहिला नंबर आला. त्यांनी बाबांना किल्ली करून दाखवायला सांगितलं. बाबांनी केली. कुणाची किल्ली म्हणून विचारलं, तर बाबा म्हणाले, "आमच्याच घराची. दुसरी नव्हती." सगळे हसले. बाबाही हसले. फोटो निघाले.

त्यांना कुटुंबाचाही एक फोटो हवा होता. चौघांचा आपल्याकडे एकच आहे, स्टुडिओतला: आई-बाबा खुर्चीवर, मी मध्ये, आणि तू मागे, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून. मी तो दिला. नगरपालिकेच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर आहे, "एक कुटुंब, एक प्रेरणा" या मथळ्याखाली. देताना मी विचार केला की तू तो कुठेतरी बघशील. आपण चौघं एकत्र दिसलो की कदाचित निघशील.

मला रडायला येत नाही, हे तुला का सांगते आहे कळत नाही. घरी येते, जेवते, बाबांच्या बाजूला बसते. बाबा विचारतात, "आज काय केलं ऑफिसात?" मी सांगते. ते म्हणतात, "चांगलं काम आहे ते. सोडू नकोस." ते उपरोधाने म्हणत नाहीत. उपरोधाने म्हणाले असते तर मला काहीतरी वाटलं असतं.

बाबांनी त्यांचं काम केलं, दादा. चार लोकांत नाही, चारशे लोकांत उभे राहून केलं. तू कधी येतोस?

टिटवी

४ ऑक्टोबर

दादा,

फोनवर मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

ऑफिसचा फोन वाजला तेव्हा मी पुढच्या वर्षाचा आराखडा लिहीत होते. रस्त्यांना उतार, कार्यालयात बसायला बाकं, तीन भाषांत सूचनाफलक. तू म्हणालास, "समता कक्ष का?" मी म्हटलं, "हो, बोला." तू म्हणालास, "टिटवे." इतक्या वर्षांनी आवाज ऐकला, पण ओळखायला क्षणही लागला नाही. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली. मला वाटलं तू स्टेशनवरून बोलतोयस.

तू म्हणालास, "एकटी आहेस का?"

"हो. कुठे आहेस तू?"

"तो फोटो काढ."

मला आधी कळलंच नाही कुठला.

"वेबसाइटवरचा. माझ्या साहेबाने दाखवला. म्हणाला, अरे, हा बघ, अगदी तुझ्यासारखा दिसतोय. मी म्हटलं, असेल कुणीतरी."

तू भराभर बोलायला लागलास. तू लोकांच्या घरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करतोस, बायका तुला आत घेतात, घर तुझ्यावर टाकून दुकानात जाऊन येतात. तिथल्या तुझ्या लोकांना तू सांगितलंयस की आईवडील नाहीत. सासुरवाडीलाही तेच सांगितलंय. तुझं लग्न झालंय हे मला असं कळलं. "तिथे कुणी विचारलं नाही, मग मी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी नाही सांगितलं की मग राहूनच जातं, टिटवे. तुला नाही कळायचं."

मी म्हटलं, "दादा, बाबा बोलले. सभेत. आजीकडे हात करून."

"वाचलं मी. सगळी पत्रं मिळाली."

"मग?"

तिकडे कुणीतरी तुला हाक मारली. तू फोनवर हात ठेवून "आलो" म्हणालास. मग मला म्हणालास, "फोटो कधीपर्यंत निघेल?"

मी म्हटलं, "आजच सांगते." सरकारी फोनवर बोलल्यासारखं बोलले. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. मी खुर्ची उचलली आणि आराखडा पूर्ण केला. उतारांचं सगळं त्याच दिवशी लिहून झालं.

फोटो पूर्ण काढता येत नाही, कारण तो पुरस्काराच्या पानावर आहे. संगणकवाल्या मुलीने तो कापून दिला. आता त्यात आम्ही तिघं आहोत. तुझा चेहरा नाही, कुणी ओळखणार नाही. बाबांच्या खांद्यावर बोटं तेवढी राहिली आहेत, ती काढायला गेलं तर बाबांचा कान जातो.

बाबांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पोस्टाचा घोळ अजून बरीच वर्षं चालवता आला असता. पण काल जेवायला आले नाहीत म्हणून डबा घेऊन गाळ्यावर गेले, तर बाबा स्टुलावर सरळ बसून बाजाराच्या दाराकडे बघत होते, आणि मला बघून म्हणाले, "मला वाटलं तोच आला." तेव्हा मी सांगितलं. सगळं, तू म्हणालास तसं. असेल कुणीतरी, हेही.

बाबांनी विचारलं, "आवाज कसा होता?"

"बरा होता."

"खोकला?"

"नव्हता."

"लग्न झालं म्हणतोस... म्हणतेस. बायको कशी आहे, विचारलंस?"

"नाही सुचलं."

ते थोडा वेळ डब्याचं झाकण फिरवत बसले. मला त्यांनी चिडायला हवं होतं. मी म्हटलं, "बाबा, त्याने तुम्हाला इतकं बोलून घर सोडलं. आणि स्वतः तिथे..."

"गप." जोरात नाही, नेहमीच्या आवाजात. "त्याला लोकांच्या घरात शिरावं लागतं. मी तर बाहेर बसून होतो, तरी जमलं नाही. त्याला किती जड जात असेल."

मग हात धुऊन जेवायला बसले. दोन घास खाल्ल्यावर म्हणाले, "पत्र लिहिणार आहेस ना? माझं म्हणून कळव."

शब्द त्यांचेच लिहिते आहे, मी माझं काही घातलेलं नाही:

"त्याला सांग, मी सभेत बोललो ते त्याच्यासाठी बोललो, पण त्याचं ओझं घेऊ नकोस म्हणावं. अटबिट काही नाही. लहान होता, बोलून गेला. आणि इकडे यायचं मनात असेल तर येऊ नको म्हणावं. पूर्वी आला असता तर किल्लीवाल्याचा मुलगा आला एवढंच लोकांनी म्हटलं असतं. आता या घरात शिरताना दिसला तर कुठला ते सगळ्यांना कळेल, आणि बातमी त्याच्या गावापर्यंत जायला वेळ लागत नाही. त्याच्या बायकोला आशीर्वाद सांग. नको, ते राहू दे. ती विचारेल, कुणाचे."

आईला अजून सांगितलेलं नाही. तिने आज गादी गच्चीवर टाकली आहे.

इथून पुढे मी लिहिणार नाही. या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घालणार नाही, आणि पोस्टात टाकणार आहे तेही शेजारच्या गावातल्या, म्हणजे शिक्का आपल्या शहराचा नसेल.